वार्धक्यातील विसर आणि आजार यांत फरक करावा

महोदय,

गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावी आले की ‘बाबांना आता काही आठवत नाही’ ही चिंता घरोघरी ऐकू येते आणि पाठोपाठ बँकेचे व्यवहार, बागेचा हिशेब हळूहळू वृद्धांच्या हातून काढून घेतला जातो. तसे करण्यापूर्वी साधे वार्धक्य कोणते आणि आजार कोणता, हे पाहिले पाहिजे.

वयानुसार मेंदूचा आकार थोडाथोडा घटतो. नव्या आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस आणि लक्ष व नियोजन सांभाळणारा कपाळामागचा भाग यांत ही घट विशेष दिसते. विचारांचा वेगही मंदावतो. त्यामुळे ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही आणि तासाभराने आपोआप आठवते, किंवा दोघे एकदम बोलू लागले की गोंधळ उडतो. शब्दसंपत्ती, आयुष्यभराचे ज्ञान आणि हातात बसलेले कसब मात्र बहुधा शाबूत राहते. आमच्या देवगडात पंचाहत्तरी ओलांडलेले एक बागायतदार आहेत. काढणीच्या गड्यांची नावे त्यांच्या तोंडी हमखास उलटसुलट होतात, पण देठाजवळचे खांदे कितपत भरले आहेत एवढे पाहून आंबा चौदा आणे तयार आहे की नाही, हे ते क्षणात सांगतात आणि त्यांच्या शब्दावरच पेटी भरली जाते. अशा माणसाला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत बाजूला सारणे हा अन्याय आहे. देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे दहांपैकी नऊंहून अधिक वृद्धांना तो नाही.

याउलट रोजच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, वर्षानुवर्षे रांधलेल्या पदार्थाची कृती न सुचणे, ही लक्षणे ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळे आलेला विसर उपचारांनी, गोळ्या बदलून बराच सुधारू शकतो. ऐकू कमी येणे तर आपल्याकडे कोणी मनावरच घेत नाही. वास्तविक त्याने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, आणि नीट ऐकूच न आलेली गोष्ट लक्षात तरी कशी राहणार?

मुले मुंबईत आणि आईवडील गावी, अशी घरे कोकणात असंख्य आहेत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रांत वृद्धांचा रक्तदाब पाहताना स्मरणशक्तीची आणि कानांचीही साधी तपासणी व्हावी, तसेच ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण आशाताईंना द्यावे, अशी जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)