कि.मी. 104 पासूनच्या पायवाटेचे पैसे घेऊन आम्हाला बसने माचू पिच्चूला नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

काल आपल्या कार्यालयाशी चौथ्यांदा दूरध्वनीवर बोलणे झाले, त्यानंतर हे पत्र लिहीत आहे. आपल्या पुस्तिकेत पेरू सहलीच्या सातव्या दिवसासमोर काय छापले आहे, ते आपणास ठाऊक आहेच: रेल्वेमार्गावरील कि.मी. 104 च्या थांब्यावर उतरणे, इंकांच्या जुन्या पायवाटेने चाचाबांबा व विन्याय वायना हे अवशेष, इंती पुंकू हे सूर्यद्वार आणि तेथून पायी माचू पिच्चू हे इंकांचे प्राचीन नगर. या एका दिवसासाठी आम्ही पती-पत्नीने आपली सहल निवडली, त्याचे माणशी वेगळे पैसे भरले आणि सहा महिने दर रविवारी सिंहगड चढून गुडघ्यांना सवय लावली.

प्रत्यक्षात त्या पहाटे ओयांतायतांबोच्या स्थानकावर स्थानिक मार्गदर्शकाने आम्हाला सांगितले की, या पायवाटेच्या परवान्यांच्या यादीत आमची नावे नाहीत. हा परवाना प्रवाशाच्या नावाने व पासपोर्ट क्रमांकाने निघतो, रोजची संख्या ठरलेली असते, एकाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही आणि चौकीवर पासपोर्ट ताडून पाहिल्याशिवाय कोणाला वाटेवर सोडत नाहीत. हे आपणास माहीत नव्हते असे मी मानू शकत नाही, कारण याच कामासाठी आपण आमच्या पासपोर्टच्या प्रती पाच महिने आधी मागवल्या होत्या. फेब्रुवारीत ही वाट दुरुस्तीसाठी बंद असते, पण आम्ही मे महिन्यात गेलो होतो. गाडी कि.मी. 104 ला थांबली, आमच्या डब्यातील सहा जण पाठपिशव्या घेऊन उतरले आणि उरुबांबा नदीवरच्या पुलाकडे चालू लागले. आम्ही बूट आवळून खिडकीशी बसून राहिलो.

पुढे 1948 मध्ये खुल्या झालेल्या त्या नागमोडी रस्त्याने बसने आम्हाला अर्ध्या तासात वर नेऊन सोडले. माचू पिच्चू अप्रतिम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंकांनी बांधलेल्या दगडी वाटेने चढावे, विन्याय वायनाच्या उतारावर रचलेली टप्प्याटप्प्यांची शेते आणि एकाखाली एक बांधलेली पाण्याची कुंडे जवळून पाहावीत, आणि इंती पुंकूच्या त्या सूर्यद्वारात पोहोचल्यावर सारे नगर प्रथमच खाली पसरलेले दिसावे, यासाठी आम्ही पैसे मोजले होते. यांपैकी एकही गोष्ट आम्हाला मिळाली नाही.

आता कालच्या संभाषणाविषयी. वीस मिनिटे ताटकळत ठेवल्यानंतर आपले अधिकारी म्हणाले, "काका, शेवटी माचू पिच्चू बघितलंत ना? बाकीचे अवशेष म्हणजे दगडच." मी शांतपणे सांगितले की मला दगडच पाहायचे होते. त्यावर ते म्हणाले, "काकूंच्या वयाचा विचार करूनच आमच्या टीमने बसचा निर्णय घेतला." मी विचारले, कोणी घेतला, कधी घेतला आणि आम्हाला का विचारले नाही? उत्तर आले नाही. मी पुन्हा विचारले. "काका, तुम्ही उगाच चिडताय," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. स्पीकर चालू होता आणि माझी पत्नी शेजारी बसून सर्व ऐकत होती. ती एकसष्ट वर्षांची आहे आणि त्या सहा महिन्यांत सिंहगडावर प्रत्येक वेळी माझ्याआधी पोहोचली आहे.

शिवाय आपल्या पहिल्या ईमेलमध्ये परवाने संपल्याचे कारण दिले होते. परवाने संपले होते, तर वयाचा विचार करून निर्णय कसा झाला? आणि निर्णय आपण घेतला होता, तर पायवाटेचे पैसे का ठेवून घेतले? मला वाटते, परवान्यासाठी अर्जच केला गेला नाही आणि तो केला गेला नाही हे आमच्यापासून लपवले गेले. बारा वर्षे मी आपल्यासोबत प्रवास केला, कंबोडियातील अंगकोरला आपल्याच भरवशावर गेलो आणि नातेवाइकांनाही आपले नाव सुचवले, म्हणून हे लिहिताना मला अधिक वाईट वाटते.

परवान्यासाठी अर्ज केला असल्यास त्याची तारीख व प्रत मला द्यावी आणि सातव्या दिवसाची दोघांची पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये मी जिल्हा आयोगाकडे जाईन. पुस्तिकेचे ते पान, पावत्या आणि ईमेल माझ्याकडे आहेत. काल काढलेल्या उद्गारांबद्दलची लेखी क्षमायाचना मात्र माझ्या नावे पाठवू नये, ती माझ्या पत्नीच्या नावे पाठवावी.

आपला,
सहलीची नोंदणी करणारा ग्राहक