बाँड बदलला तो हाणामारीमुळे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला बाँडपटांवरचा लेख वाचला. लेख आवडला पण डॅनियल क्रेग आल्यावर बाँड फक्त जास्त मारामारी करायला लागला असं जे त्यात म्हटलंय ते अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितोय.

मारामारी आधीही होतीच की. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये ती कमी होती का? पण तिथे दिसेनाशी होणारी गाडी होती, हिरोला काहीही होणार नाही हे पहिल्यापासून माहीत होतं, मग जीव टांगणीला लागणार कसा? २००६ ला क्रेगचा पहिला बाँडपट 'कसिनो रोयाल' आला आणि तो दिग्दर्शित करणारे मार्टिन कॅम्पबेल म्हणजे १९९५ चा 'गोल्डनआय' करणारेच, म्हणजे बाहेरून कुणी नवखा आणून मोडतोड केली असंही नाही. गोष्ट तर इयान फ्लेमिंगच्या १९५३ च्या पहिल्याच कादंबरीची. क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा सोनेरी केसांचा बाँड कसा चालेल म्हणून लोकांनी केवढा गदारोळ केला होता, पिक्चर आल्यावर ती चर्चाच संपली.

खरा फरक कुठे पडला ते याच पिक्चरमधल्या हॉटेलच्या जिन्यातल्या मारामारीनंतर बघा. दोन माणसं मारून बाँड खोलीत येतो, रक्त धुतो, दारू घशाखाली ओततो, आरशात स्वतःकडे बघत राहतो आणि शर्ट बदलून परत पोकरच्या टेबलावर जाऊन बसतो. आणि वेस्पर, म्हणजे बाँड जिच्या प्रेमात पडतो ती ईव्हा ग्रीनची नायिका? ती नंतर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली सापडते, हातावरचं रक्त जात नाही म्हणते. हा तसाच तिच्या शेजारी पाण्यात बसतो, थंडी वाजतेय का विचारतो आणि गरम पाणी वाढवतो, बस एवढंच. आधीच्या बाँडपटांमध्ये माणूस मेला की हिरो एक चुरचुरीत वाक्य टाकून पुढे निघायचा, इथे मारल्याचं ओझं दोघांच्या अंगावर दिसतं. या पिक्चरमध्ये बाँडला नवनवी यंत्रं देणारा क्यू नाही, ऑफिसातली सेक्रेटरी मनीपेनी नाही, आणि मला तरी त्यांची आठवणसुद्धा आली नाही.

पुढचे चारही पिक्चर सारखेच जमलेत असं मी म्हणणार नाही, 'क्वांटम ऑफ सोलेस' तर फारच घाईत उरकल्यासारखा वाटतो. पण २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्येसुद्धा बाँड वेस्परच्या कबरीपाशी जातो, म्हणजे पंधरा वर्षांनीही ती जखम भरलेली नाही. हे सातत्य या मालिकेत आधी कधी एवढं नव्हतं.

म्हणूनच तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात ईव्हा ग्रीनचं नाव एकदाही नाही याचं फार वाईट वाटलं. क्रेगचा बाँड निम्मा तिने घडवलाय. आता डेनी व्हिलनव्ह नवीन बाँडपट करणार आहेत, त्या निमित्ताने पुन्हा लिहाल तेव्हा तिच्या कामावर दोन परिच्छेद तरी जरूर द्या.

आपला,
एक नियमित वाचक