शरीरविज्ञान दालनाच्या दुरुस्तीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या माडीवरचे शरीरविज्ञान दालन गेल्या भाद्रपदापासून बंद आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. पावसात मागच्या बाजूची कौले सरकली, पाणी सरळ कपाटांवर उतरले आणि मास्तरांनी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या हृदयाच्या चालत्या प्रतिकृतीची मोटर जळाली. शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतील. त्याआधी दालन उघडायचे तर छपराचे काम मे महिन्यातच उरकले पाहिजे, कारण एकदा मृगाचा पाऊस लागला की कौलांवर माणूस चढवता येत नाही. कार्यकारिणीची बैठक परवाच झाली आणि हे पत्र आजच छापायला द्यायचे आहे. तेव्हा लिहिण्यात काही राहून गेले असल्यास सांभाळून घ्यावे.

ज्यांनी हे दालन उभे केले, त्यांचे स्मरण केल्याशिवाय मागणे मागू नये, अशी आपल्या संस्थेची रीत आहे. आपले ड्रॉईंगचे मास्तर निवृत्त झाल्यावर दोन वर्षे याच माडीवर बसून होते. भंगारात निघालेल्या जीपच्या वायपरची मोटर, दोन लाकडी चकत्या, वरच्या आळीतल्या सायकल दुकानातून फुकट मिळालेले ट्यूबचे तुकडे आणि कुंकवाने लाल केलेले पाणी एवढ्या सामानावर त्यांनी चार कप्प्यांचे हृदय चालते केले. आधी वरचे दोन कप्पे आकसायचे, मग क्षणभराने खालचे दोन, आणि मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके पडतील अशी त्यांची गती त्यांनी बसवली होती. खालच्या ज्या कप्प्यांना मास्तर जवनिका म्हणत आणि आजची मुले निलय म्हणतात, त्यांतल्या डाव्या बाजूला त्यांनी ट्रकच्या ट्यूबचे जाड रबर लावले होते आणि उजव्या बाजूला सायकलचे पातळ. उजवी बाजू रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलते, तर डावीला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवावे लागते, म्हणून तिची भिंत जाड असते, हे मुलांना सांगावेच लागत नसे. ती दोन्ही रबरे दाबून पाहत आणि आपणहून बोलत. प्रतिकृतीशेजारी फळीवर लाल पाण्याच्या एक-एक लिटरच्या पाच बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण एवढेच असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका मिनिटात एवढेच रक्त पुढे ढकलते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ७,००० लिटर, आणि हे काम करणारा स्नायू अवघा ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो, हे मास्तर सांगत तेव्हा मागच्या रांगेतली पोरेसुद्धा गप्प होत.

सूक्ष्मदर्शक डॉक्टरकाकांनी दिला. दवाखाना बंद करताना त्यांना त्याची चांगली किंमत येत होती, पण त्यांनी तो स्वतः जिना चढून येथे आणून ठेवला. त्यात रक्ताचा थेंब पाहिलेली मुले आधी निराश होत, कारण सुटी पेशी लाल दिसतच नाही. ती फिकट, पिवळसर दिसते आणि मध्यभागी अधिकच विरळ. लाल रंग लाखो पेशींच्या दाटीतून येतो. एका घन मिलिमीटरमध्ये त्या सुमारे ५० लाख असतात, हाडांच्या मगजात तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात, हे डॉक्टरकाका शांतपणे समजावीत. विदर्भात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या आपल्या गावच्या लेकीने सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी आणून दिली. विळ्यासारख्या वाकलेल्या त्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात, हे त्या पट्टीने जितके समजते तितके पुस्तकाने समजत नाही. परळच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेल्या आपल्या एका चाकरमान्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा तक्ता हाताने रंगवून पाठवला. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ओळखलेला हा गट नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटतो, पण अशा माणसाला ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, फक्त त्याच्याच गटाचे चालते. मराठी मुलखात लागलेला हा शोध आपल्या मुलांना माहीत असलाच पाहिजे, असे त्यांनी सोबतच्या पत्रात लिहिले होते. तो तक्ता आता ओलीने फुगला आहे.

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने काचेची कपाटे दिली, बंदरावरच्या मासळी विकणाऱ्या भगिनींनी दर संक्रांतीला न मागता वर्गणी आणून दिली आणि सुतारआळीने कोपराची लाकडी प्रतिकृती बिनमजुरी करून दिली. त्या लाकडी हाताला पुढून एक दोरी आणि मागून एक दोरी आहे. दंडावर बेटकुळी काढून दाखवणारे प्रत्येक पोर समजत असते की तो एकच स्नायू हात वाकवतो आणि सरळही करतो. पण स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, म्हणून वाकवायला पुढचा आणि सरळ करायला मागचा अशी जोडी लागते, हे दोऱ्या ओढल्या की हाताला कळते. १५ ऑगस्टला झेंड्यापुढे ताठ उभी राहिलेली मुले घेरी येऊन का पडतात, याचेही उत्तर याच कोपऱ्यात मिळत असे. पायांतले रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू नीलांना, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांना, पिळत राहतात आणि नीलांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. बराच वेळ निश्चल उभे राहिले की हे पिळणे थांबते, रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. तेव्हापासून आपल्या शाळेत झेंडावंदनाला मुलांना मधून मधून टाचा उचलायला सांगतात, याचा आम्हांस अभिमान आहे.

या दालनाने माणसेही वाचवली आहेत. दर वर्षी डॉक्टरकाका मुलांच्या कानांना स्टेथोस्कोप लावून ‘लब-डब’ ऐकवीत आणि हा आवाज झडपा मिटण्याचा आहे, हे सांगत. असेच एकदा सातवीतल्या एका मुलीच्या छातीत त्यांना या दोन आवाजांच्या मध्ये बारीक सूऽऽ असा आणखी एक आवाज ऐकू आला. लहानपणी घसा वारंवार सुजून नंतर सांधे धरणाऱ्या तापाने तिच्या हृदयाची झडप दुखावली होती, त्यामुळे थोडे रक्त उलटे फिरत होते. डॉक्टरकाकांनी तिच्या वडिलांना समोर बसवून मास्तरांच्या प्रतिकृतीतली एक झडप मुद्दाम अर्धवट उघडी ठेवली आणि पाणी मागे कसे येते ते दाखवले, तेव्हा कोठे ते जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला तयार झाले. तिला काही वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागले. आज ती दोन मुलांची आई आहे आणि या निधीत पहिले ५०१ रुपये तिचे आहेत.

एक गोष्ट मनात न ठेवता लिहितो. गेल्या दिवाळीला आम्ही ३०० आवाहनपत्रे घरोघर वाटली आणि पोस्टानेही पाठवली. उत्तरे १९ आली. ज्यांनी वर्धापनदिनी व्यासपीठावरून दालनाला मदत जाहीर केली होती, त्यांच्याकडे तीन-तीन खेपा घालूनही ती आलेली नाही. काहींनी तर ‘आता सगळे मोबाईलवर दिसते’ असे म्हणून पत्र परत हातात दिले, याचे फार वाईट वाटले. मोबाईलवर हृदय दिसते, हे मान्य. पण मास्तरांच्या नळीवर बोट ठेवून आलेला धक्का आणि दुसऱ्या हाताच्या मनगटावर लागलेली स्वतःची नाडी, या दोन्ही एकदम जाणवल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

आता खर्च. कौले, रिपा व मजुरी ३८,००० रुपये. मोटर, रबर व नळ्या ९,५००. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरची बुरशी काढणे व एक भिंग बदलणे १४,०००. काचा, वायरिंग व तक्ते १८,५००. एकूण ८०,०००, पैकी जमा २१,३००, बाकी ५८,७००. रोख रक्कम वाचनालयात सायंकाळी ५ ते ७.३० या वेळेत द्यावी, पावती तेथेच मिळेल. धनादेश वाचनालयाच्या नावाने काढावा. आयकरातील ८०-जीची सवलत आपल्या संस्थेला नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी चालू स्थितीतली वायपरची मोटर, जुने ट्यूब किंवा वाशांपुरते लाकूड दिले तरी चालेल. निवृत्त शिक्षक व परिचारिका यांनी शनिवारी दुपारी मुलांना माहिती सांगण्यासाठी नाव नोंदवावे. मास्तर आणि डॉक्टरकाका गेल्यापासून ही जागा रिकामी आहे. मेच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता कौले उतरवायची आहेत, शिडी आणि चहा वाचनालयाचा. तरुण मंडळींनी जुने कपडे घालून यावे.

आपला नम्र,
कार्यवाह