टॉर रिले उभा करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या टॉर या जाळ्याचा एक रिले, म्हणजे त्यातील वाहतूक पुढे पोचवणारा संगणक, खानापूरच्या आमच्या संगणक वर्गात आता व्यवस्थित चालू आहे. त्यासाठी आपण टिळकवाडीहून भर पावसात दोनदा बसने आलात, बसभाडेसुद्धा घेतले नाहीत, आणि मी आभार मानू लागलो की विषय बदललात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. सीमाभागात आणखी कोणी अशाच अडचणीत सापडला असेल, तर त्यालाही ते उपयोगी पडेल.

माझी चूक मुळातच होती. वर्गातील सगळे संगणक स्क्विड या वेब प्रॉक्सीमार्फत, म्हणजे सगळ्यांच्या विनंत्या नेणाऱ्या मध्यस्थामार्फत, बाहेर जातात, म्हणून रिलेच्या मांडणीतही मी त्याच प्रॉक्सीचा पत्ता लिहिला. टॉर शंभर टक्के जोडला गेल्याचे सांगे, पण वीस मिनिटांनी लॉगमध्ये (नोंदवहीत) इशारा उमटे की ओआर पोर्ट, म्हणजे इतर रिले ज्यातून आत येतात ते दार, बाहेरून गाठता येतो याची खात्री पटलेली नाही आणि ती पटेपर्यंत रिलेची नोंद प्रसिद्ध होणार नाही. पंधरा दिवस मी नुसते पोर्ट बदलत राहिलो.

आपण आल्यावर टॉरच्या फाइलला हातच लावला नाहीत. आधी स्क्विडचा ॲक्सेस लॉग उघडलात. ९००१ क्रमांकाच्या पोर्टकडे निघालेल्या प्रत्येक विनंतीपुढे ‘डिनाइड’ आणि ४०३ हा नकाराचा आकडा असे लिहिलेले होते, कारण स्क्विडच्या मूळ नियमांत कनेक्टची, म्हणजे थेट जोडणी करून देण्याची, मुभा फक्त ४४३ क्रमांकाच्या पोर्टला असते. मी लगेच तो नियम सैल करायला निघालो, तेव्हा आपण मला थांबवलेत आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर दोन बाण काढलेत. रिलेला इतर सगळ्या रिलेंकडे जाता आले पाहिजे, तसेच त्यांनाही त्याच्याकडे येता आले पाहिजे. प्रॉक्सी आतल्याचा निरोप बाहेर नेतो, पण बाहेरच्याला आत आणत नाही, हे आपण त्या बाणांवर बोट ठेवून सांगितलेत. मी पंधरा दिवस ज्या बाणाशी झगडत होतो, तो सुटला असता तरी दुसरा अडलेलाच राहिला असता.

रिले थेट राउटरला जोडल्यावर दुसरी अडचण निघाली. राउटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत होता आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान होता, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले होते आणि बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणारे आमच्याकडचे पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी होते. अशा शब्दांपाशी माझे कन्नड अडखळते, म्हणून त्यांच्या तंत्रज्ञाशी आपणच कन्नडमधून सविस्तर बोललात, आणि दरमहा थोडे जादा शुल्क ठरवून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळवून दिलात. तो मिळाला नसता, तर नॅटमागूनही, म्हणजे अशा सामायिक पत्त्यामागूनही, चालणारे आणि टॉर अडवलेल्या लोकांना वाट करून देणारे स्नोफ्लेक लावण्याची तयारी आपण ठेवलीच होती.

मग वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावरून रिलेचा ४४३ हा पोर्ट उघडतो का, ते आपण मला पाहायला लावलेत. तो उघडला, आणि थोड्याच वेळात ओआर पोर्ट बाहेरून गाठता येत असल्याची ओळ लॉगमध्ये आली. तिच्यात ‘एक्सलंट’ असा शब्द आहे. तो मी दोनदा मोठ्याने वाचला.

रिले केवळ मधला ठेवावा, एक्झिट, म्हणजे वाहतूक जाळ्याबाहेर सोडणारा शेवटचा रिले, करू नये, कारण एक्झिटमधून गेलेल्या वाहतुकीच्या तक्रारी त्याच्याच पत्त्यावर येतात आणि वर्गात मुले असतात, हा आपला सल्ला मी तंतोतंत पाळला आहे. तालुक्याच्या गावात कोण कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक असते. एखाद्या बाईला आपल्या आजाराबद्दल किंवा घरातल्या मारहाणीबद्दल गुपचूप वाचावेसे वाटले, तर तिच्यासाठी अशी वाट असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. वाटेतल्या तीन रिलेंपैकी मधल्याला ती कोण हेही कळत नाही आणि काय वाचते हेही कळत नाही.

पहिले काही दिवस वाहतूक अगदी कमी होती, पण वेग मोजला जाईपर्यंत असेच चालते हे आपण आधीच सांगितले असल्यामुळे मी काही बदलत बसलो नाही. गेल्या आठवड्यात वीज सारखी जात होती, त्यात हार्ड डिस्क गेली. आपण आग्रहाने रिलेची ओळख ठरवणाऱ्या किल्ल्यांच्या ‘कीज’ फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायला लावली होती, त्यामुळे नव्या डिस्कवर रिले जुन्याच ओळखीने उभा राहिला.

पुढच्या खेपेस बसभाडे तरी घ्यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
खानापूरचा संगणक शिक्षक