पट्टीवरची तिसरी ओळ

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्हीही माझं विचारलं नाहीत. पाऊण तास आपण एका पेट्रोल पंपावर, हवेच्या मशीनशेजारी, माझ्या गाडीभोवती उकिडवे बसून होतो आणि मग तुम्ही हेल्मेट चढवून निघूनही गेलात. ही गोष्ट महिनाभरापूर्वीची. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये.

आठवण करून देते. सामानाने लादलेली नवी कोरी अॅडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल साइड स्टँडवर उभी होती. एक ट्रक शेजारून गेला आणि त्या वाऱ्याने ती उजव्या बाजूला शांतपणे आडवी झाली. ती माझी. गाडी घेऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते आणि सहाशे किलोमीटर. त्यातलं एकही किलोमीटर मला आवडलं नव्हतं. घरी परतल्यावर विकायला काढायची, असं आदल्या रात्रीच मनाशी ठरलं होतं.

पंपावरची मंडळी धावून आली, गाडी उभी केली, त्याबद्दल त्यांचेही आभार. पण उभी करता करता प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. एकाने ‘एवढी जड गाडी कशाला घ्यायची’ म्हटलं. दुसऱ्याने नुसतं माझ्या पायांकडे आणि मग सीटकडे पाहिलं, म्हणजे तेच म्हटलं. तुम्ही तेवढे विचारलंत, “ताई, लागलं नाही ना?” आणि उत्तर मिळाल्यावर थेट साइड स्टँडसमोर जाऊन बसलात. गाडीकडे बघत म्हणालात, “ही जास्तच सरळ उभी राहतेय. मागून बसलीय कुणीतरी बसवल्यासारखी.”

कुणीतरी बसवलीच होती, काका. ते मी तेव्हा धडपणे सांगितलं नाही, आता सांगते.

माझी जुनी गाडी आठ वर्षं माझ्याकडे होती. कार्ब्युरेटरची, हवेवर थंड होणारी, पाच गिअरची. ऐंशीच्या पुढे आरशात मागची प्रत्येक गाडी दोन-दोन दिसायची. पण तिच्या आवाजावरून मला कळायचं की आज चेन कोरडी आहे की व्हॉल्व्ह वाजतायत. नवीत सगळंच नवं: लिक्विड कूलिंग, सहा गिअर, यूएसडी फोर्क (पुढचं चाक धरणारे, उलटे बसवलेले सस्पेन्शनचे दांडे), पडद्यावर चार रायडिंग मोड (गाडी किती तिखट धावावी ते ठरवणारे), मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय. आणि उंची. शोरूममध्ये बसले तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. माझा चेहरा पाहून विक्रेत्याने आत कुणाला तरी हाक मारली, मागची स्प्रिंग ‘थोडी सैल’ करून घेतली, आणि काय आश्चर्य, पाय टेकले! मी खूश, तो खूश. वजन किती, सामान किती नेणार, कुठे चालवणार, यातलं काहीही कुणी विचारलं नाही.

मग सुरू झालं. वळणावर गाडी आत वळायलाच तयार नाही, रुंद जाऊन समोरच्या लेनकडे ओढ घ्यायची. पुढचं चाक हलकं, हँडल तरंगतंय असं वाटायचं. रात्री समोरचे लोक डिपर मारायचे, कारण माझा हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. खडीवर तर मागचा टायर चेंडूसारखा उडायचा. सर्व्हिसला विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, कंपनीचंच सेटिंग आहे, सवय होईल.” कंपनीचं सेटिंग! जे त्यांनीच बदललं होतं, ते. मी ज्यांच्याबरोबर राइडला जाते त्यातल्या एका अनुभवी माणसाने तर एकदाही गाडीवर न बसता निदान केलं: “आधी हात बसू दे, गाडीत काही नाही.” हात! पंधरा वर्षं चालवतेय मी. पण खरं सांगते, सतरा दिवसांत माझाही त्यावर विश्वास बसायला लागला होता. खोट माझ्यातच आहे, हे माणूस किती पटकन मान्य करतो.

तुम्ही मात्र वजन विचारलंत. “किती तुमचं? सगळं धरून हां, हेल्मेट, जॅकेट, बूट, बॅगा.” पेट्रोल पंपावर चार अनोळखी माणसांसमोर कुणी बाईला वजन विचारावं आणि तिला बरं वाटावं, असं क्वचितच घडत असेल. मी अट्ठावन्न अधिक तीस सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, मोजपट्टी काढलीत (कोण घेऊन फिरतं मोजपट्टी?) आणि पंपावरच्या मुलाला गाडी स्टँडवर कलती धरायला लावून मागचं चाक अधांतरी असताना चाकापासून वर सीटपर्यंतचं एक माप घेतलंत. मग मला सगळ्या सामानासकट बसवून दुसरं. फरक 92 मिलिमीटर.

“सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला असलेली जागा, 200. त्यातला तिसरा हिस्सा तुमच्या वजनाने खाली जावा, सत्तरच्या आत-बाहेर. तुमचा निम्मा प्रवास खड्डा येण्याआधीच संपतोय.” इतकंच बोललात. मी मात्र तिथे बसल्या बसल्या सतरा दिवसांचा हिशोब लावत होते. मागून गाडी बसली की पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, म्हणून ती वळत नव्हती. म्हणून दिवा आभाळाकडे. म्हणूनच साइड स्टँड गाडीच्या मानाने लांब झाला आणि गाडी कलायच्या ऐवजी ताठ उभी राहिली, ट्रकच्या वाऱ्याला पुरेल इतकी. पाय टेकावेत म्हणून केलेल्या उपकाराने गाडी पाडली होती.

टायरचंही तसंच. चेनगार्डजवळच्या स्टिकरवर मागच्या चाकासाठी हवेचा दाब 32 पीएसआय लिहिलेला, मोजलं तर 44. “चालून आलात, गरम टायरला दोन-चार जास्त दिसतातच,” तुम्ही म्हणालात, “पण बारा नाही.” बहुधा वाहतुकीसाठी भरलेली हवा कुणी काढलीच नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही माझ्याच टूलकिटमधला सी-स्पॅनर, म्हणजे मागची स्प्रिंग आवळायची-सैल करायची रिंग फिरवणारा पाना, काढलात, जो मी तोवर पाहिलाही नव्हता. आणि रिंगला हात लावायच्या आधी थांबलात. बॅगेतून कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडलात, सीट काढून तिच्या खालच्या बाजूला चिकटवलात आणि पेनाने लिहिलंत:

होतं: 0 फेरे, 92.

मग स्प्रिंगची रिंग मोजून सहा फेरे आवळलीत, मला पुन्हा बसवलंत, मापलंत, लिहिलंत:

केलं: 6 फेरे, 67.

आणि त्याखाली तिसरी ओळ:

तुमचं:

पुढे काहीच नाही. कोरी जागा. मी विचारलं, हे काय? “मी माझ्या अंदाजाने केलंय. नाही पटलं तर सहा फेरे उलटे, गाडी होती तशी. मग चालवून बघा आणि तुम्हाला काय ठीक वाटतं ते तुम्ही लिहा. गाडी तुमची आहे.”

काका, माझ्या गाडीला आजवर बऱ्याच जणांनी हात लावलाय. काय केलं हे कुणी लिहून ठेवलं नाही, मग ते परत कसं उलटवायचं हे तर सोडाच. विचारलं तर ‘तुम्हाला नाही कळणार’ असा चेहरा. आणि इथे एक परका माणूस स्वतःचं काम स्वतःच्याच हाताने खोडता येईल अशी सोय आधी करतो, मगच पाना फिरवतो. गाडी सुधारली ते आहेच. पण त्या रिकाम्या ओळीमुळे माझ्या घशात आवंढा आला होता. तुम्ही तेव्हा माझ्या हँडलशी खटपट करत होतात, त्यामुळे दिसलं नसावं. दिसलं असेल तर तुम्ही दाखवलं नाहीत, त्याबद्दलही आभार.

पुढची अडचण तुम्हाला माहीत होतीच. मागून गाडी अडीच सेंटिमीटर उचलली म्हणजे माझे पाय पुन्हा अधांतरी. मी बसले आणि “अहो, हे तर...” एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणालात, “दोन पाय कशाला? थांबताना कंबर एका बाजूला सरकवा. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. एक पुरतो.” दहा वेळा करायला लावलंत. आठव्यांदा जमलं. जगातली अर्धी माणसं या गाड्यांवर एका पायानेच थांबतात, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

ही जात उंच का असते, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. 1980 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर 80 जी/एसमधला जी म्हणजे गेलेंडे, एस म्हणजे श्ट्रासे. रान आणि रस्ता. “दोन्ही हवं तर खड्ड्यात जायला चाकाला जागा पाहिजे, आणि ती जागा सीटखालूनच येते,” तुम्ही म्हणालात. माझ्या डोक्यात हे कायमचं बसलंय, कारण शोरूमवाल्याने मला उंची कमी करून दिली म्हणजे खरं तर ती जागाच काढून घेतली होती. बुटके लोक रानात जात नाहीत असा काही समज असावा.

ब्रेक आणि क्लचचे लिव्हर तुम्ही जरा खाली झुकवलेत, उभं राहून चालवताना मनगट मोडू नये म्हणून. ते काम दोन मिनिटांचं. आणि निघताना शेवटचं वाक्य, “रेन मोड कोरड्यातही चालतो, नावाला फसू नका.” ते मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

ते सांगायलाच तर हे पत्र. नव्या गाडीची माझी पहिली राइड शोरूमपासूनची नव्हे, त्या पंपापासूनची. तुम्ही उलट्या दिशेने गेलात, नाहीतर आरशात माझं हसू दिसलं असतं. चौथ्या किलोमीटरला डावं वळण लागलं. सवयीने मी आधीच घाबरून हँडलवर जोर दिला, आणि गाडी इतकी आत आली की मला तिला बाहेर काढावं लागलं. पुढच्या वळणावर नुसतं पाहिलं, डावी मूठ किंचित ढकलली. वळली. पुढचं 21 इंची चाक जुन्या गाडीपेक्षा सावकाश कलतं, पण एकदा कललं की रुळावर असल्यासारखं. शंभरवर आरशात मागची गाडी एकच दिसत होती! आठ वर्षांनी.

मग घाटाची अरुंद वळणं. या गाडीत थ्रॉटलची केबल नाही, मनगटाचं म्हणणं सेन्सर ऐकतो आणि झडप संगणक उघडतो. तिखट मोडमध्ये एखाद्या उंचवट्यावर मनगट हललं तरी गाडी गचका द्यायची. मोड रेनवर टाकला आणि तीच गाडी समजूतदार झाली. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, चालण्याच्या वेगात यू-टर्न. क्लच तेलात भिजलेला असतो, एवढं घासणं त्याला चालतं, हे मला माहीत होतं. पण भीती असली की माहिती कुठे आठवते?

आणि खडी. साधारण दोन किलोमीटर रस्ता उखडलेला. आदल्या दिवशी अशाच पट्ट्यात मी पाय खाली सोडून, घामाने निथळत, पहिल्या गिअरवर गेले होते. आज मागचं एबीएस बंद केलं, फूटपेगवर उभी राहिले, गुडघ्यांनी टाकी हलकी धरली. लिव्हर बरोब्बर बोटांखाली. मागचं चाक सरकत होतं, पण खाली चाललेल्या गोंधळाशी वर माझा संबंध नव्हता. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने काहीतरी ओरडले. काय ते इथे लिहीत नाही.

सगळंच छान आहे असं नाही. काचेवरून येणारा वारा अजून हेल्मेटच्या टोपीला धरून मान हलवतो. थांबले की पंख्याची गरम हवा उजव्या पोटरीवर येते. जुन्या गाडीचा तो टपोरा आवाज नाही, याचं इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. पण ह्या तक्रारी गाडीच्या आहेत, माझ्या लायकीच्या नाहीत, आणि या दोहोंतला फरक मला सतरा दिवस कळेनासा झाला होता.

गाडी विकली नाही, हे वेगळं सांगायला नको. परतल्यावर मी शोरूममध्ये गेले होते. भांडायला नाही, सीट उलटी करून ती पट्टी दाखवायला. त्या पोराने दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, “हे कुणी केलं?” मला नाव सांगता आलं नाही. म्हटलं, एका ओळखीच्यांनी.

गेल्या रविवारी सामान न घेता निघाले तेव्हा मागून जरा कडक वाटली. स्वतः सी-स्पॅनर घेतला, एक फेरा सोडला, शेजारणीला मोजपट्टी धरायला लावून मी बसले. 66 आलं. दिवसभर चालवली आणि संध्याकाळी तिसरी ओळ भरली:

तुमचं: 5 फेरे, 66, सामान नसताना.

पट्टीचा एक कोपरा उचकटला होता, त्यावर पारदर्शक टेप लावलाय. पण खाली आता जागा उरली नाही आणि मागे कुणाला बसवून न्यायचं तर पुन्हा मोजावं लागेल. दुसरी पट्टी आणून ठेवलीय.

तुमची,
आडव्या पडलेल्या गाडीची मालकीण