शेल गॅस : साठ्यांपेक्षा विहिरींचे आकडे छापा

संपादक महोदय,

शेल गॅस म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू. तो काढायला आडवी विहीर खोदून पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत सोडतात आणि खडकाला भेगा पाडतात; वाळूचे कण त्या भेगा उघड्या ठेवतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. जगातल्या शेल गॅसवर बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो : ७,२९९ लाख कोटी घनफूट. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने (ईआयए) २०१३ मध्ये केलेला हा साठ्याचा अंदाज. त्या यादीत चीन १,११५, अर्जेंटिना ८०२, अल्जीरिया ७०७ आणि अमेरिका ६६५ असा क्रम लागतो. हा क्रम वाचून कोणालाही वाटेल की उद्याचा गॅस पहिल्या तीन देशांतून येणार. प्रत्यक्षात जगातला बहुतांश शेल गॅस आजही चौथ्या क्रमांकाची अमेरिकाच काढते. असे का झाले, हे सांगितल्याशिवाय तो आकडा छापणे वाचकाची दिशाभूल करते, म्हणून हे पत्र.

हा अंदाज 'तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोग्या' गॅसचा आहे. काढायला किती खर्च येईल, विकून किती मिळेल, पाणी कुठून आणायचे, याचा त्यात विचार नाही. शिवाय अनेक देशांत तो मोजक्या जुन्या विहिरींच्या नोंदींवरून बांधलेला आहे. पोलंडचे काय झाले ते पाहा. ईआयएने २०११ मध्ये तिथे १८७ लाख कोटी घनफूट गॅस सांगितला, २०१३ मध्ये १४८. मधल्या काळात, २०१२ मध्ये, पोलंडच्याच भूगर्भशास्त्र संस्थेने जुन्या विहिरींचे नमुने तपासून साधारण १२ ते २७ हा पल्ला दिला. पुढे सत्तरच्या आसपास विहिरी खोदल्या गेल्या. खडक खोल निघाला, त्यात चिकणमाती जास्त. असा खडक दाबाखाली तडकण्याऐवजी दबतो, आणि पडलेल्या भेगा वाळूच्या कणांवर पुन्हा मिटतात. एक्सॉनमोबिल २०१२ मध्येच बाहेर पडली, शेव्हरॉन आणि कोनोकोफिलिप्स २०१५ मध्ये. तिथे आंदोलनापेक्षा खडकानेच निकाल दिला होता.

नेहमीची गॅसविहीर आणि शेलची विहीर यांतला मुख्य फरक उत्पादनाच्या घसरणीत आहे. शेलची विहीर पहिल्याच वर्षात आपल्या सुरुवातीच्या प्रवाहापैकी साठ-सत्तर टक्के गमावते. सतत नवी विहीर खोदत राहिले तरच क्षेत्राचे एकूण उत्पादन टिकते. हिशेब साधा आहे. एका चांगल्या विहिरीतून तिच्या आयुष्यभरात १५ कोटी घनमीटर गॅस निघतो असे धरा. एखाद्या देशाला वर्षाला १० अब्ज घनमीटर हवा असेल, तर दरवर्षी ६५ ते ७० नव्या विहिरी लागतील, आणि सुरुवातीच्या काळात त्याहून बऱ्याच जास्त, कारण विहिरीचा सगळा गॅस एका वर्षात येत नाही. अमेरिकेत आज तीन किलोमीटर लांबीचा आडवा भाग असलेल्या विहिरीला पाच ते आठ कोटी लिटर पाणी आणि पाच ते दहा हजार टन वाळू लागते. पाच कोटी लिटर पाणी २० हजार लिटरच्या टँकरने आणायचे तर एका विहिरीमागे अडीच हजार खेपा होतात. म्हणूनच जिथे पाण्याची पाइपलाइन नाही आणि वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याची सोय नाही, तिथल्या योजनेचा खर्च कागदावर कितीही कमी दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

अमेरिकेला हे जमले त्यामागे खडकाइतकीच इतर कारणे आहेत. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिशेल यांच्या कंपनीने वर्षानुवर्षे प्रयोग करून १९९० च्या दशकाच्या अखेरीस घट्ट जेलऐवजी घर्षण कमी करणारे रसायन मिसळलेले पातळ पाणी वापरले, आणि खर्च एकदम खाली आला. पण त्या वेळी तिथे खोदकामाची शेकडो यंत्रे (रिग), पंपांचे ताफे, गॅसवाहिन्यांचे जाळे आणि खुली बाजारपेठ तयार होती. जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाचे, त्यामुळे त्याला रॉयल्टी मिळते आणि विहीर त्याच्या फायद्याची ठरते. बहुतेक देशांत खनिज सरकारचे असते, आणि गावाच्या वाट्याला टँकरची धूळ आणि आवाज तेवढा येतो. युरोपातला विरोध समजून घ्यायचा असेल तर पर्यावरणाइतकेच हे आर्थिक कारणही बघायला हवे.

चीनने सरकारी बळावर बरेच साधले, तरी २०१२ मध्ये २०२० साठी ठेवलेले ६० ते १०० अब्ज घनमीटरचे लक्ष्य आधी ३० वर आणावे लागले आणि प्रत्यक्षात २० च्या आसपास गॅस निघाला. सिचुआन खोऱ्यातला खडक डोंगराळ भागात, प्रस्तरभंगांनी (खडकातल्या मोठ्या तडांनी) चिरलेला, आणि बऱ्याच ठिकाणी साडेतीन किलोमीटरहून खोल आहे. फ्रॅकिंगच्या दाबाने एखादा जुना प्रस्तरभंग सरकला की विहिरीतली पोलादी नळी, म्हणजे केसिंग, वाकते. फ्रॅकिंग एकेका टप्प्याने होते; मग टप्पे वेगळे करणारे प्लग (बुचे) पुढे सरकत नाहीत आणि आडव्या भागाचा शेवटचा तुकडा फ्रॅक न होताच सोडावा लागतो. पैसे पूर्ण विहिरीचे गेलेले असतात, गॅस अर्धवट मिळतो.

अमेरिकेबाहेर सर्वांत आशादायक जागा अर्जेंटिनाची वाका मुएर्ता. थर जाड, दाब चांगला, आणि गाठीशी आता दहा वर्षांहून अधिक अनुभव. देशातल्या गॅसपैकी अर्ध्याहून जास्त आज शेलमधून येतो. तिथे अडचण जमिनीवरची होती : हिवाळ्यात मागणी चढते आणि वाका मुएर्ताच्या नेउकेन प्रांतातून गॅस बाहेर न्यायला वाहिनीच पुरत नव्हती. जुलै २०२३ मध्ये त्रातायेन ते सालिकेलो ही ५७३ किलोमीटरची वाहिनी सुरू झाल्यावर ती थोडी सुटली. सौदी अरेबियाचा जाफुरा प्रकल्पही गांभीर्याने घ्यावा असा आहे. २०३० पर्यंत दिवसाला दोन अब्ज घनफूट हे तिथल्या सरकारी तेल कंपनीचे, अराम्कोचे, लक्ष्य आहे, आणि वाळवंटात गोडे पाणी नसल्याने फ्रॅकिंगला समुद्राचे प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची योजना आहे.

भूकंप आणि पाण्याच्या प्रदूषणाबद्दल दोन्ही बाजूंनी ढोबळ बोलले जाते. ओक्लाहोमातले बहुतेक हादरे, २०१६ चा पॉनी येथील ५.८ तीव्रतेचा धरून, फ्रॅकिंगमुळे आले नाहीत. तेल-वायूसोबत वर येणारे खारे सांडपाणी खोल विहिरींत सोडल्याने ते आले. इंग्लंडमधल्या प्रेस्टन न्यू रोड येथे ऑगस्ट २०१९ मध्ये झालेला २.९ तीव्रतेचा हादरा मात्र थेट फ्रॅकिंगचा होता, आणि त्यानंतर तिथे बंदी आली. २०२२ मध्ये ती काही आठवडे उठली आणि लगेच पुन्हा लागू झाली. घरगुती पाण्याच्या विहिरींत मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) येतो तो सहसा दोन किलोमीटर खोलीवरच्या भेगांतून चढत येत नाही. केसिंगभोवतीचे सिमेंट नीट बसलेले नसले की तिथून तो वर सरकतो. त्यामुळे विहिरीत उपकरण सोडून केलेली सिमेंटची (लॉग) तपासणी आणि केसिंगमागच्या पोकळीतल्या दाबाची नोंद सार्वजनिक करण्याची सक्ती नसेल, तर बाकीच्या अटी मला दुय्यम वाटतात.

गळतीचा प्रश्न उद्योगाने बराच काळ टाळला. 'सायन्स' नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाने अमेरिकेतल्या तेल-वायू साखळीतली मिथेन गळती उत्पादनाच्या २.३ टक्के मोजली. सरकारी अंदाजापेक्षा ती सुमारे ६० टक्के जास्त होती. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरतो. 'कोळशापेक्षा स्वच्छ' हा शेलचा दावा या टक्केवारीवर टिकतो किंवा पडतो. युरोपीय संघाचा २०२४ चा नियम आयात गॅससाठीही मिथेन मोजणीचे पुरावे मागतो. ही सक्ती मला योग्य वाटते.

उद्योगाचा सूर आज एक नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांचे लक्ष एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) निर्यातीवर आहे. लुइझियानातल्या सबीन पासहून पहिले जहाज फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाले आणि २०२३ मध्ये अमेरिका सर्वांत मोठी निर्यातदार झाली. भांडवल पुरवणारे मात्र २०२० ची दिवाळखोरीची लाट विसरलेले नाहीत. भाव वाढला की लगेच रिग वाढवा, हे त्यांना आता चालत नाही. त्यातच टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन या तेलखोऱ्यात गॅस तेलासोबत आपोआप निघतो. वाहिन्या अपुऱ्या पडल्याने २०२४ मध्ये तिथल्या वाहा या गॅस खरेदी-विक्री केंद्रावर कितीतरी दिवस भाव शून्याखाली होता. जिथे विकणाराच पैसे देऊन गॅस सोडतो, तिथे केवळ गॅससाठी खोदलेल्या विहिरीने स्पर्धा कशी करावी?

तेव्हा विनंती अशी की एखाद्या देशाच्या शेल गॅसची बातमी देताना साठ्याच्या आकड्याशेजारी आणखी काही विचारून छापावे : आजवर किती विहिरींचे प्रत्यक्ष फ्रॅकिंग झाले, पहिल्या तीस दिवसांचा आणि बाराव्या महिन्याचा प्रवाह किती, विहिरीमागे पाणी किती व ते कुठून, आणि सर्वांत जवळची गॅसवाहिनी किती किलोमीटरवर. कंपनीने पहिल्या तीस दिवसांचाच आकडा पुढे केला, तर बाराव्या महिन्याचा मिळेपर्यंत बातमीत 'यशस्वी' हा शब्द वापरू नये.

आपला,
एक वाचक