जिताड्याची कातडी राखून दिलीत, मावशी!

मावशी, सप्रेम नमस्कार.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर रविवारी सकाळी तुमच्या मासळीच्या पाटीपुढे आभार मानायला तोंड उघडावं, तर मागून कुणीतरी ‘मावशी, माझी कोलंबी झाली का’ म्हणून ओरडतं. त्यामुळे हे लिहूनच काढते. तुमची सून वाचून दाखवेल.

आमच्या सासूबाई खारेपाटातल्या, पेणकडच्या. माहेरी घरामागच्या तळ्यात जिताडे मासे पाळलेले. त्या बाईंच्या घशात मध्यंतरी काटा अडकला, तो डॉक्टरकडून काढून घ्यावा लागला, आणि त्यांनी मासा सोडला. तिखट तर त्याआधीच बंद झालं होतं. ताटात मासा आला की पाट बाजूला सरकवावा तसं ताट सरकवायच्या, वर ‘तुम्ही खा गो’ म्हणायच्या. त्यात जो काय खेद असायचा तो मला, साताऱ्याकडून आलेल्या सुनेलाही, कळायचा. म्हणून बिनकाट्याचा, बिनमिरचीचा मासा शोधत होते: कातडी कुरकुरीत भाजलेली आणि खाली क्रीमचा, हिरव्या पाल्याचा सॉस. रेसिपीत सामन (सॅल्मन) हा परदेशी मासा होता. एका वातानुकूलित दुकानात विचारलं तर गोठवलेला तुकडा, भाव ऐकून परत ठेवला. दुसऱ्या बाजारात ‘कातडीसकट काटा काढून द्या’ म्हटलं तर उत्तर आलं, तुकड्या करून देतो, घ्यायच्या तर घ्या.

तुम्ही मात्र विळीवरचा हात थांबवून विचारलंत, ‘करायचं काय हाय ते सांग आधी.’ मी सांगितलं. मला वाटलं हसाल. तुम्ही म्हणालात, ‘सामन कशाला? जिताडा घे. कातडी जाड, मांस पांढरं, तव्यावर तोच टिकंल.’ आणि हॉटेलवाल्यांना असेच काढून देता हेही सांगितलंत. नंतर वाचलं, ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामंडी म्हणून कातडीसकट भाजून वाढतात. तुम्हाला ते वाचायची गरज पडली नव्हती.

त्या दिवशी दोन किलोच्या आतला निवडलात. कल्ला उचलून लाल रंग दाखवलात, पाठीवर अंगठा दाबून खड्डा भरून येतो का ते मलाच बघायला लावलंत. मोठा का नको, हे विचारल्यावर म्हणालात की मोठ्याची तुकडी जाड, बाहेरून करपते तरी आत कच्ची. (जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, हे तुम्ही मला गाबोळीवरून, म्हणजे माशाच्या अंड्यांवरून, सांगितलंत. मी तुम्हाला चेष्टा करताय म्हणाले होते. नाही, खरंच होतं.)

मग शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडलेत, अगदी पोटाच्या कडेपर्यंत, कारण कातडी खायची तर एक खवलाही चालत नाही. कल्ल्यामागे आडवा छेद, पातं मधल्या काट्याला टेकवून शेपटीपर्यंत. पातं फासळ्यांवरून जाताना करकर आवाज आला आणि एक अख्खी बाजू सुटून तुमच्या तळहातावर आली. मागे रांग वाढत होती. तरी माझं बोट धरून मांसाच्या मधोमध फिरवलंत: ‘हितं टोचतंय? ते बारके काटे. चिमट्यानं काढ, डोक्याच्या दिशेनं ओढ, नाहीतर मांस फाटंल.’ त्या काट्यांसाठीच तर मी आले होते. सासूबाईंच्या घशात अडकलेला असाच बारीक असणार.

घरी काय करायचं तेही पिशवी बांधता बांधता सांगितलंत. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. फडक्यानं कोरडा करून कातडी वर ठेवून फ्रीजमध्ये उघडा ठेवायचा. आमच्याकडे माशाला हळद-मीठ-आगळ (कोकमाचा रस) चोळून मुरवल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे ओलावा म्हणजे घात. पाणी उडून जाईपर्यंत कातडीचं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खमंग तांबूस रंग तर १४० च्या आसपास धरायला लागतो. ओली कातडी भाजत नाही, उकडते आणि तव्याला चिकटते. मीठ मी भाजायच्या थोडं आधी लावते, सुटलेलं पाणी टिपून घेते.

बिडाचा तवा, साधं तेल. लोणी शेवटी, आधी घातलं तर करपतं. कातडी खाली करून मासा सोडला की ती आकसते, तुकडी धनुष्यासारखी वाकते, म्हणून पहिलं अर्धं मिनिट उलथन्यानं दाबून धरायचं. पुढचं तुमचंच वाक्य: ‘हात लावू नको. सुटायच्या टायमाला तोच सुटंल.’ सुटतो, मावशी. बहुतेक सगळं शिजणं कातडीच्या बाजूनंच होतं. कडेनं पांढरा रंग वर चढत जातो, तो वरच्या टोकाजवळ आला की उलटून जेमतेम मिनिटभर.

आणि ती दुसरी पिशवी! मुंडकं आणि मधला काटा पैसे न घेता घालून दिलात, ‘याचं पाणी काढ, सॉस त्याच्यातच कर.’ कल्ले काढून, कांदा आणि दोन मिरी घालून वीस मिनिटं मंद उकळलं. जास्त उकळलं तर कडवट होतं. मासा काढल्यावर त्याच तव्यात लसूण, ते पाणी आटवून निम्मं, मग क्रीम. खोक्यातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, त्यात लिंबू पडून उकळी आली तर फाटतं, म्हणून गॅस बंद करूनच लिंबू. पाला कुठला, हे रेसिपीत बरंच परदेशी होतं. मी शेपू घेतला, कोथिंबिरीचे देठ आणि थोडी कांद्याची पात. शेपूवर आमच्याकडे दोन तट आहेत, पण क्रीममध्ये तो इतका शहाण्यासारखा वागतो की विरोधी पक्षही गप्प बसला. सॉस खाली, मासा वर. वरून ओतलं तर कातडीसाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात.

सासूबाईंनी आधी जेवायच्या काट्याच्या टोकानं तुकडी उसकटून पाहिली. बराच वेळ. मग कातडीचा एक तुकडा तोडून खाल्ला आणि विचारलं, ‘खाडीतला की तळ्यातला?’ पुढे काही बोलल्या नाहीत, पण दुसरी तुकडी मागून घेतली. शेरा नंतर आला: सॉस बरा आहे, कोकम असतं तर अजून बरा झाला असता.

आता १ जूनला समुद्रातल्या मासेमारीची बंदी लागेल, ३१ जुलैपर्यंत मोठ्या बोटी बंद. तुम्ही म्हणालात खाडीतला आणि तळ्यातला जिताडा तेव्हाही येतो, पण खाडीत पूर्वीइतका राहिला नाही. मिळेल तेव्हा सुनेच्या फोनवरून कळवा, मी सीवूड्सहून रिक्षा करून येते. कातडी राखूनच काढा. आणि मुंडकी दोन ठेवा: एक सॉसच्या पाण्याला, दुसरं सासूबाईंना कैरी घालून कालवणाला हवंय, नुसता रस्साच घेईन म्हणतात. या वेळी मुंडक्यांचे पैसे घ्यायचे.

तुमची,
सीवूड्सची, शेपूवाली बाय